संगणकाचा भागाकार चुकतो तेव्हा

शाळेच्या संगणक-खोलीतला एखादा संगणक सुरूच होईनासा झाला की बहुतेक ठिकाणी त्याच्यावर कापड टाकले जाते आणि दुरुस्ती करणाऱ्याची वाट पाहणे सुरू होते. तो येतो, पेटी उघडतो, आतली रॅमची पट्टी काढतो, तिची सोनेरी कड खोडरबराने घासतो, पट्टी पुन्हा खाचेत बसवतो आणि बटण दाबतो. संगणक सुरू होतो! खोडरबराने संगणक दुरुस्त होतो, ही बातमी सगळ्या वर्गांत पसरायला एक मधली सुट्टी पुरते.

पण खोडरबराने खरोखर काही केले का? त्या माणसाने दोन गोष्टी केल्या. पट्टी घासली, आणि ती काढून परत बसवली. सोनेरी कडेवर मळाचा पातळ थर बसला असेल तर घासल्याचा उपयोग झाला. पण तापून आणि निवून पट्टी खाचेत किंचित सैल झाली असेल, तर नुसते काढून बसवणेही पुरेसे होते. दोन्ही एकदम केल्यावर यश कोणाच्या खात्यावर लिहायचे हे सांगता येत नाही. आधी पट्टी न घासता नुसती काढून बसवली असती, संगणक सुरू होतो का ते पाहिले असते आणि मगच खोडरबर हाती घेतला असता, तर काहीतरी कळले असते. दुरुस्ती करणाऱ्याला हे कळण्याची गरज नसते. त्याला पुढच्या शाळेत जायचे असते. आपल्याला मात्र विद्यार्थ्यांबरोबर असा दोष शोधायचा असेल, तर पहिला नियम हाच ठेवावा लागतो: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसरी युक्ती अदलाबदलीची. समजा, रॅमच्या पट्टीवर संशय आहे आणि शेजारी त्याच जातीची पट्टी लागणारा चालू संगणक आहे. दोन्ही संगणक बंद करून, वायर काढून, पट्ट्यांची अदलाबदल करा. आता दोष कोणाबरोबर गेला ते पाहा. आजारी संगणक बरा झाला आणि शेजारचा बिघडला, तर दोष पट्टीबरोबर गेला. दोष जागचा हलला नाही, तर पट्टी निर्दोष आहे आणि खाच, मदरबोर्ड असे बाकीचे संशयित उरतात. उत्तर काहीही आले तरी आपल्या माहितीत भर पडते, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य. ज्या तपासणीचे एकच उत्तर उपयोगाचे असते, ती फारशी चांगली तपासणी नव्हे.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. पॉवर सप्लायची धातूची डबी कधीही उघडू नये, वायर काढलेली असली तरी. घरातल्या २३० व्होल्ट विजेचे शिखरमूल्य २३० गुणिले √२, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. डबीतला मोठा कपॅसिटर जवळपास तेवढ्या दाबाला भारित होतो आणि वीज तोडल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. दिवा लागत नाही, पंखाही फिरत नाही, अशी तक्रार असेल तर डबीपर्यंत जाण्याआधी त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहावा. कितीतरी दोष भिंतीतच सापडतात.

बंद पडलेला संगणक तसा प्रामाणिक असतो. सुरू होताना तो स्वतःची थोडी तपासणी करतो, रॅम सापडली नाही तर अनेक संगणक ठरावीक पद्धतीने ‘बीप’ असा आवाज करतात, आणि कुठपर्यंत येऊन तो अडला यावरून पुष्कळ गोष्टी कळतात. पडद्यावर अक्षरे उमटली असतील तर पॉवर सप्लाय, प्रोसेसर आणि थोडीफार रॅम चालू आहे हे उघडच आहे. पण समजा, संगणक नीट सुरू होतो, कुठे अडत नाही, तक्रार करत नाही, आणि तरीही एखाद्या भागाकाराचे उत्तर चुकीचे देतो. हे आपल्याला कळणार कसे? आणि कळलेच, तर दोष कोणाचा हे ठरवणार कसे?

असे खरोखर घडलेले आहे. १९९४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करत होते. ज्या दोन मूळ संख्यांमध्ये २ चा फरक असतो त्यांना जोडमूळ म्हणतात: ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३, १७ आणि १९. अशा जोड्या अनंत आहेत की नाहीत, हे आजही सिद्ध झालेले नाही. मात्र त्यांच्या व्यस्तांची बेरीज केली, म्हणजे १/३ + १/५ + १/५ + १/७ + १/११ + १/१३ असे पुढे जात राहिले, तर ती बेरीज एका मर्यादेपलीकडे जात नाही, हे नॉर्वेचे गणितज्ञ व्हिगो ब्रून यांनी १९१९ साली दाखवले. ही बेरीज अतिशय सावकाश वाढते. १०० पर्यंत अशा ८ जोड्या आहेत आणि त्यांची बेरीज १.३३ च्या आसपास येते (हे वर्गात जरूर करून पाहा), तर अंतिम किंमत १.९०२ च्या जवळपास मानली जाते. मधले अंतर कापायला अब्जावधी संख्या तपासाव्या लागतात, आणि तेही दशांशचिन्हानंतरचे पुष्कळ अंक बरोबर ठेवून.

नाइसली यांनी हे काम अनेक साध्या संगणकांवर वाटून दिले होते. त्यांत ४८६ प्रोसेसरचे संगणक होते आणि त्यांच्या जोडीला इंटेल कंपनीचा नवा पेंटियम प्रोसेसर असलेला एक संगणक आला होता. १३ जून १९९४ रोजी निकालांत विसंगती असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

अशा वेळी कोणावर संशय घ्यायचा? वैज्ञानिकाने पहिला संशय स्वतःवर घ्यावा, अशी रीत आहे, आणि ती नम्रतेपेक्षा अनुभवातून आलेली आहे. शंभरातल्या बहुतेक वेळा चूक आपण लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येच असते. त्यानंतर कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम. त्यानंतर रॅम. मग मदरबोर्ड आणि त्यावरून माहितीची ने-आण करणारी ‘पीसीआय’ नावाची, तेव्हा नवी असलेली बस. प्रोसेसर या यादीत सगळ्यात शेवटी. लाखोंच्या संख्येने विकली जाणारी चिप भागाकारच चुकीचा करत असेल, असे कोणाच्या मनात येणार? नाइसली यांना इतर सगळ्या शक्यता बाजूला सारायला १९ ऑक्टोबरपर्यंतचा वेळ लागला. चार महिने! मला हा वेळ जास्त वाटत नाही. २४ ऑक्टोबरला त्यांनी इंटेलला कळवले आणि ३० ऑक्टोबरला आपल्या ओळखीच्या काही अभ्यासकांना ई-मेल पाठवली.

त्या ई-मेलमधले पुरावे पाहिले की रॅमच्या पट्टीची अदलाबदल आठवते. पहिला पुरावा: पाच वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवलेल्या पेंटियम संगणकांवर तीच चूक दिसली. पेटी, मदरबोर्ड, रॅम वेगवेगळी; प्रोसेसर तेवढा एक. म्हणजे दोष प्रोसेसरबरोबर जात होता. दुसरा पुरावा: ४८६ किंवा त्याआधीच्या कोणत्याही संगणकावर ती दिसली नाही, पीसीआय बस असलेल्या ४८६ वरसुद्धा नाही. म्हणजे बस सुटली. तिसरा पुरावा मला सगळ्यात सुंदर वाटतो. पेंटियमच्या पोटात दशांश अपूर्णांकांचे गणित करणारा एक वेगळा विभाग होता. काही संगणकांवर तो बंद ठेवता येत असे. मग तेच गणित पूर्णांकांच्या मंडलांकडून, प्रोग्रॅमच्या मदतीने, करून घ्यावे लागे आणि त्याला सुमारे दहापट वेळ लागे. तो विभाग बंद केला की चूक नाहीशी होत असे. संगणक तोच, प्रोसेसर तोच, रॅम तीच. नखाएवढ्या चिपमध्ये दोष कुठल्या कोपऱ्यात आहे, हे पेटीला पेचकसही न लावता दाखवून दिलेले होते.

चूक दाखवण्यासाठी त्यांनी दिलेली कसोटी सातवीतल्या मुलालाही समजेल. एखादी संख्या घ्या, तिचा व्यस्त काढा आणि त्याच संख्येने गुणा. उत्तर १ यायला हवे. ८२४६३३७०२४४१ या संख्येसाठी पेंटियमचे उत्तर ०.९९९९९९९९६२७४७०९७०२ असे येत होते. ही संख्या आणि ८२४६३३७०२४४३ ही जोडमूळ जोडी आहे. जो प्रोसेसर १९ अंक बरोबर देईल अशी अपेक्षा होती, तो नवव्या अंकालाच घसरत होता.

एवढ्या संख्यांच्या गर्दीत असा एक गुन्हेगार शोधणे अशक्य वाटते, पण हिशोब करून पाहा. एक लाख कोटी संख्यांचा पट्टा घ्या. त्याचे दोन भाग करा, दोन्ही भागांची बेरीज एका विश्वासू आणि एका संशयित संगणकावर काढा, आणि ज्या भागात उत्तरे जुळत नाहीत तो भाग पुन्हा निम्मा करा. ४० वेळा निम्मे केले की एकच संख्या उरते, कारण २ चा ४० वा घात एक लाख कोटींहून थोडा मोठा आहे. ‘माझ्या मनातली १ ते १००० मधली संख्या दहा प्रश्नांत ओळख’ हा खेळ मुले खेळतात, त्यातही हेच तत्त्व आहे. यासाठी फक्त एक अट आहे: तेच गणित करणारा दुसरा, स्वतंत्र संगणक आपल्याजवळ हवा. नाइसली यांच्याकडे सगळे पेंटियमच असते तर सगळ्यांचे उत्तर एकच आले असते, आणि ते चुकीचे असते.

आता हा भागाकार चुकत का होता, ते पाहू. आपण मोठा भागाकार करताना काय करतो? भाजकाचे आणि बाकीचे पहिले एक-दोन अंक पाहून भाग कितीने जाईल याचा अंदाज बांधतो, गुणून वजा करतो आणि पुढच्या अंकाकडे वळतो. पेंटियमही असेच करत होता, पण ४ या पायाच्या संख्यापद्धतीत. अंदाज बांधायला त्याच्या आत एक तक्ता कोरलेला होता: भाजकाचे पुढचे काही अंक अमुक आणि बाकीचे तमुक असतील, तर उत्तराचा पुढचा अंक हा घ्या. हा अंक -२, -१, ०, १ किंवा २ असे. ऋण अंक ऐकून दचकू नका. मराठीत आपण २९ ला एकोणतीस म्हणतो, म्हणजे तिसाला एक उणे. दशकाचा अंक ३ आणि एककाचा -१. हीच सोय प्रोसेसरला हवी होती. अंदाज थोडा जास्त झाला तर मागे फिरून खोडायचे नाही, पुढच्या अंकाने वजा करून घ्यायचे. त्यामुळे काम झपाट्याने होते.

पण ही भरपाई अमर्याद नसते. पुढचे सगळे अंक २ घेतले तरी त्यांची एकूण किंमत २/४ + २/१६ + २/६४ + ... म्हणजे २/३ एवढीच होते. (दहावी-अकरावीच्या मुलांना ही भूमिती श्रेढी मांडायला सांगावी.) तक्त्यातल्या काही घरांत २ हवा होता, तिथे शून्य राहिले होते. गणित करताना नेमके त्या घरात पाऊल पडले, की बाकी एवढी मोठी उरायची की पुढच्या अंकांना ती कधीच भरून काढता येत नसे.

इंटेलने १९९४ मध्ये सांगितले की तक्ता चिपवर उतरवताना १०६६ पैकी ५ नोंदी सुटल्या. गंमत अशी की तीस वर्षांनी, २०२४ साली, केन शिरिफ या अमेरिकी अभियंत्याने जुनी चिप सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा त्याला प्रत्यक्षात १६ नोंदी गहाळ दिसल्या. त्यांपैकी ११ घरांत गणित कधी पोचतच नाही, म्हणून त्या त्रास देत नव्हत्या. त्याच्या मते ही उतरवतानाची चूक नव्हती. तक्त्याच्या सीमा ठरवणाऱ्या गणितातच ती होती.

त्या घरांत पाऊल पडायला भाजक विशिष्ट घडणीचा असावा लागे. नोव्हेंबर १९९४ मध्ये टिम को या अभियंत्याने ही घडण ओळखली. त्याच्या हाती चिपचा नकाशा नव्हता. लोकांनी कळवलेल्या चुकीच्या उत्तरांवरून त्याने आतल्या भागाकाराची रीत ताडली. मग त्याने शोधलेले उदाहरण फार गाजले: ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. बरोबर उत्तर १.३३३८२०४४९..., पेंटियमचे १.३३३७३९०६८... आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणून ४१९५८३५ मधून वजा केले तर शून्य उरायला हवे. त्या प्रोसेसरवर २५६ उरत असत!

हा भाजक द्विमान पद्धतीत लिहून पाहा. ३१४५७२७ म्हणजे ३ गुणिले २ चा २० वा घात, त्यातून १ कमी. द्विमान पद्धतीत तो १० आणि त्यापुढे सलग २० एक असा दिसतो. नाइसलींची ८२४६३३७०२४४१ ही संख्याही ३ गुणिले २ चा ३८ वा घात याच्यापेक्षा केवळ १८३९१ ने लहान आहे; तीसुद्धा १० ने सुरू होते आणि मग सलग २३ एक येतात. दोन संख्या वरवर अगदी परक्या वाटतात, आणि दोघींचा चेहरा एकच. दोष यादृच्छिक नाही, त्याला आकार आहे, हे दिसले की निदान पक्के होते.

पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. आकडे कसेही घेतले तर ९०० कोटी भागाकारांत एखादा चुकेल, आणि आकडेमोडीची पाने वापरणाऱ्या साधारण माणसाला चूक भेटायला २७,००० वर्षे लागतील, असे इंटेलचे म्हणणे होते. आयबीएमने १२ डिसेंबरला आपले पेंटियम संगणक पाठवणे थांबवले. त्यांच्या हिशोबाने ही चूक २४ दिवसांत एकदा भेटू शकत होती. २७,००० वर्षे आणि २४ दिवस! दोघांची आकडेमोड चुकलेली नव्हती. माणूस दिवसाला किती भागाकार करतो आणि कसल्या संख्यांचे करतो, याबद्दलची त्यांची गृहीतके वेगळी होती. संभाव्यता शिकवताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. २० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने मागेल त्याला प्रोसेसर बदलून देण्याचे मान्य केले, आणि त्यापोटी ४७ कोटी ५० लाख डॉलरची तरतूद केली.

ती चूक आराखड्यातली होती, त्यामुळे तशा प्रत्येक चिपमध्ये सारखीच होती. आराखडा निर्दोष असून एखादीच चिप बिघडलेली निघाली तर ते ओळखणे आणखी अवघड. २०२१ साली गूगल आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांच्या अभियंत्यांनी असे अनुभव प्रसिद्ध केले. त्यांच्याकडे लाखो प्रोसेसर अहोरात्र चालतात, आणि त्यांत काही थोडे असे निघतात की जे बंद पडत नाहीत, इशाराही देत नाहीत, फक्त मधूनच चुकीचे उत्तर देतात. आजच्या एका प्रोसेसरमध्ये गणित करणारे अनेक गाभे असतात. फेसबुकने सांगितलेल्या घटनेत दाबून ठेवलेल्या काही फाइली उलगडताना हरवत होत्या, कारण त्यांचा आकार शून्य निघत होता. प्रोग्रॅम, मग संगणक, मग प्रोसेसर असे आत-आत जात ते एका गाभ्यापर्यंत पोचले. १.१ चा ५३ वा घात काढून त्याचा पूर्णांक भाग विचारला तर उत्तर १५६ यायला हवे. तुमच्या शाळेतला कोणताही संगणक १५६.२४७ असे काहीतरी दाखवील. तो गाभा शून्य सांगत होता. ५२ व्या घाताचे उत्तर मात्र तो बरोबर देई: १४२.